गारीगारच्या पेटीतली केळी

सुरवाडे बाईंना कुणी "कशा आहात?" म्हणून विचारलं, की त्या म्हणत, "अजून तरी बरी." शेडमधल्या केळीच्या घडांकडे बोट दाखवून "माल कसा आहे, बाई?" असं विचारलं, तरी उत्तर त्याच वळणाचं असे : "अजून तरी चांगला." सुरुवातीला मला ही एक खोड वाटली. काही माणसं जांभई देताना चुटकी वाजवतात, तशी. पुढं लक्षात आलं, की त्यांचा सगळा अभ्यासच त्या दोन शब्दांत होता.

मला याद्या करायची सवय आहे. बाईंबद्दल लिहायला बसले तेव्हाही आधी कागदावर मुद्दे काढले : पिशवी, गारीगार, नानांची बाग. जन्मगाव, पदव्या, बढत्या हे त्या यादीत आलं नाही. त्यातलं फारसं मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे त्यावरून बाई कळणार नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी पहूरला केळी उत्पादकांच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. बी. कॉम. होऊन लग्नाने त्या गावात आले, आणि सोसायटीला पत्रव्यवहार करणारं माणूस हवं होतं, म्हणून चेअरमन नानांनी मला बोलावलं. नाना म्हणजे उंच, टोपी कधीही न काढणारे, हजार झाडांमधून आपलं झाड ओळखणारे गृहस्थ. आमचा माल जळगावच्या मालधक्क्यावरून वॅगनने दिल्लीला जाई. निघताना केळी अशी हिरवीगार, की हात लावायला जीव धजू नये. तिकडे पोहोचल्यावर पिकवायला लावली, की सालीवर काळे खोलगट डाग पडत आणि दोन दिवसांत देठापासून फणी गळून येई. दिल्लीचा आडत्या फोनवर ओरडे, "सडा हुआ माल भेजते हो!" नाना शपथेवर सांगत, की सडका माल एकही नव्हता. दोघंही खरं बोलत होते. हे आम्हाला बाईंनी सांगितलं.

बाई धुळ्याला कॉलेजात वनस्पतींचे रोग शिकवत. नाना त्यांना शोधत गेले आणि घेऊनच आले. ठेंगणी बांधणी, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला जाड कापडाची पिशवी. पिशवीत कापूस, स्पिरीटची बाटली, चाकू आणि बिस्किटांचे पत्र्याचे रिकामे डबे. एस.टी.त त्या बसल्या की आसपास स्पिरीटचा वास सुटे. एकदा शेजारच्या बाईने "नर्स का तुम्ही?" विचारलं. बाई म्हणाल्या, "हो, पण पेशंट बोलत नाही."

पहिल्या बैठकीत त्यांनी फळ्याशिवाय, खडूशिवाय समजावून दिलं. एक हिरवं केळं हातात घेतलं आणि म्हणाल्या, "ही बुरशी केळं करंगळीएवढं असताना त्याच्यावर बसते. सालीत शिरते आणि झोपते. साल हिरवी आहे तोवर तिला पुढं जाऊ देत नाही. साल पिकायला लागली, मऊ पडली, की ही उठते. तुमच्याकडे ती झोपलेली असते, दिल्लीत जागी होते."

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग औषध मारा ना, बाई."

"आत शिरलेल्याला वरून मारलेलं औषध पोचत नाही, भाऊ. ती कोणत्या बागेत आहे ते आधी कळलं पाहिजे."

"पन ती तं झोपेल हाये म्हनता! झोपेल मानूस घरात हाये का नाही, ते भाईरून कसं कयनार?"

"उठवायचं," बाई म्हणाल्या. "दार ठोठावायचं."

त्यांची ठोठावायची पद्धत साधी होती. कापणीच्या आठवडाभर आधी बागेतून काही फण्या घ्यायच्या. साल स्पिरीटच्या बोळ्याने पुसायची, म्हणजे वरवर बसलेली बुरशी जाते, आतली तेवढी राहते. मग ती केळी रात्रभर बर्फात गोठवायची. गोठली की साल मरते. मग ती ओल्या कागदावर, बंद डब्यात, उबदार जागी ठेवायची. साल मेलेली, अडवायला कुणी नाही, त्यामुळे आतली बुरशी चार-पाच दिवसांत वर येते. दिल्लीत पुढं जे दिसलं असतं, ते घरी आधीच दिसतं.

गोठवायचं कुठं, हा प्रश्न होता. पहूरला तेव्हा फ्रीज म्हणजे औषधाच्या दुकानात एक. बाईंनी जामनेरला हनीफभाईंचा गारीगारचा कारखाना हेरला. लाकडी काडीला लावलेला, लाल-पिवळा रंग दिलेला गोड बर्फ, म्हणजे आमच्याकडचं गारीगार. हनीफभाईंनी हिरव्या फण्या बघून हात जोडले.

"बाई, हिरव्या केळ्याचं गारीगार कोन खाईन?"

"बुरशी खाईल, हनीफभाई. तिच्यासाठीच चाललंय सगळं."

हनीफभाई एवढे हसले, की नाही म्हणायचं विसरले. त्यांनी एक पेटी वेगळी काढून दिली आणि तिच्यावर 'बाई' असं रंगाने लिहिलं. पुढं मी केळी घेऊन गेले, की ते विचारत, "काय सेक्रेटरीताई, बाईची बुरशी उपाशी तं नाही ना?" पोरं पेटीपाशी घुटमळत आणि त्यातलं हिरवं गारीगार मागत. हनीफभाई त्यांना सांगत, "ते कडू हाये. कॉलेजातले लोक खातात."

डब्यांची खरी गर्दी बाईंच्या घरी असे, धुळ्याला देवपूरमध्ये. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॉटखाली डबे, शिलाई मशिनवर डबे, देव्हाऱ्याच्या जागी त्यांच्याकडे बुद्धाची मूर्ती होती, तिच्या खालच्या फळीवरही दोन डबे. फ्रीजच्या वरच्या छोट्या खणात एक फणी कशीबशी कोंबलेली. बाईंच्या आई चहा घेऊन बाहेर आल्या आणि कुणाशी बोलतोय याची चौकशी न करता मला सांगू लागल्या :

"लोके कुत्रं पाळतस, मांजर पाळतस. हाई मनी पोर बुरशी पाळस! फ्रीजमा दूध ठेवाले जागा नही."

बाई डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या, "आई, दूध लगेच नासतं. ही चार दिवस टिकते."

"आयक! आनि हाई कॉलेजमा शिकाडस!"

डब्यातली केळी दुसऱ्याच कुठल्या गावची होती, आणि पूर्ण काळी झालेली. मी म्हटलं, "ही तर गेलीच की." बाईंनी मला खिडकीपाशी नेलं. "काळं सगळंच पडतं. बर्फातून काढल्यावर निरोगी केळंही काळंच होतं. काळं बघू नका. शेंदूर बघा." नीट बघितल्यावर दिसलं : काळ्या सालीवर शेंदरी-गुलाबी बारीक ठिपके, ओलसर, पुळीसारखे वर आलेले. मी त्या दिवशी शिकले ते हे, की सगळ्यांना दिसतं ते बाजूला ठेवून नेमकं काय बघायचं आहे ते आधी ठरवावं. पुढं सोसायटीच्या कामात मला याचा किती उपयोग झाला, त्याची वेगळी यादी करावी लागेल.

त्याच दुपारी त्यांनी डागाळलेली पिकली केळी सोलून मला दिली. स्वतःही खाल्ली. मी बिचकले तेव्हा म्हणाल्या, "डाग सालीत आहे, तो काढून टाका. हे फळ खाण्यातून गेलेलं नाही, लांबच्या बाजारातून गेलेलं आहे. एवढाच फरक."

पण पहिल्याच हंगामात बाईंची पद्धत सपशेल फसली. आम्ही नमुने दिले, डबे स्वच्छ निघाले, शेंदराचा एक ठिपका नाही. बाईंनी होकार दिला. वॅगन गेली आणि दिल्लीत सडली. आडत्याने निर्वाणीचं सांगितलं : आणखी एक वॅगन अशी आली, की सोसायटीचा माल घेणं बंद. आडत्या गेला असता तर सोसायटी राहिली नसती. प्रत्येक जण पुन्हा एकेकटा व्यापाऱ्याच्या दारात उभा राहिला असता, आणि सगळ्यांना एकत्र आणताना नानांनी ज्यांची ज्यांची मनधरणी केली होती, ती सगळी माणसं आता त्यांच्याकडे बघत होती. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "नाना, बाईचं गारीगार वितळलं!" सगळे हसले. नाना हसले नाहीत.

मी बाईंना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं नाही, त्याच आल्या. चहा नको म्हणाल्या. एवढंच विचारलं, "मला दिलेल्या फण्या कुणी निवडल्या?"

"म्या," नाना अभिमानाने म्हणाले. "दुसऱ्या कोनाले हात लावू देला नाही."

"कशा निवडल्या?"

"कशा म्हंजे? बागेतल्या बठ्ठ्यात चांगल्या."

बाईंनी कपाळाला हात लावला. नाना गोंधळले. "बाई, तुमाले काय हलका माल देऊ? लोकं काय म्हनतीन? नानानं सुरवाडे बाईले उतरेल फणी धरून देली, असंच ना?"

या बोलण्यामागे काय होतं, ते त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. नानांच्या वडिलांच्या काळात गावातल्या बौद्ध माणसाला त्या घराच्या ओसरीवर चढता येत नसे. नानांना ते आठवत होतं आणि त्याची लाजही होती. म्हणून बाई आल्या की त्या घरात चांगलं सतरंजीचं आसन, चांगला कप, चांगली फणी. तपासायला द्यायची केळीसुद्धा पाहुणीला द्यावी तशी, निवडून, पुसून, टोपलीत घालून.

बाई म्हणाल्या, "नाना, तुमचं मन मला कळतं. मला ते आवडतंही. पण तुम्ही माझा मान ठेवताय आणि केळीचा रोग माझ्यापासून लपवताय. तुमच्या घरात मी पाहुणी. बागेत नाही."

"मंग काय, खराब फणी देऊ?"

"तीही नको. निवडूच नका."

निवडायचं नाही म्हणजे काय करायचं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत दाखवलं. त्या बांधावर बागेकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एका गड्याला ओळींतून चालायला सांगितलं, आणि मनाला येईल तेव्हा ओरडल्या, "थांब!" तो जिथं थांबला, तिथल्या उजव्या हाताच्या घडाची फणी कापायची. पुन्हा चाल. पुन्हा "थांब!" नानांना ते बघवेना. चांगला घड दोन पावलांवर असताना गडी भलत्याच घडापाशी थांबला, की ते कासावीस होत. "जरा पुढं, बाई, जरा पुढं म्हना!" बाई पाठमोऱ्याच सांगत, "नाना, तुम्हीही तोंड फिरवा." मग चेअरमन आणि बाई दोघंही बागेकडे पाठ करून उभे. गावात बातमी झाली. बाया बघायला आल्या. शाळेतल्या संगीत खुर्चीसारखंच दिसत होतं ते, फक्त खुर्च्यांच्या जागी केळी.

त्या खेपेला पाच सभासदांच्या बागांतून नमुने गेले. नानांची बागही त्यात होती, आणि ती गावात सगळ्यांत देखणी. हनीफभाईंच्या पेटीतून फण्या देवपूरला गेल्या. वॅगन मिळाली होती, कापणीचा दिवस ठरला होता.

बाई ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आल्या. बैठक दुसऱ्या दिवशी होती. मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, आधी नानांच्या घरी चला."

चौघांच्या बागा बऱ्या निघाल्या होत्या. पाचवा डबा बाईंनी पिशवीतून काढला, तेव्हा तो कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही.

ओसरीवर नाना बसले होते. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू, पाणी ठेवून आत जायला निघाल्या. बाई म्हणाल्या, "अक्का, तुम्हीही बसा. बाग तुमचीही आहे." अक्का दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. पुरुषमाणसांच्या व्यवहाराच्या गोष्टीला त्या अशा बसलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या.

बाईंनी झाकण उघडलं. शेंदूर इतका होता, की खिडकीपाशी न्यायची गरज नव्हती.

"नाना, तुमचा माल दिल्लीला जाऊ नये."

नाना डब्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "चेअरमनचाच माल माघारी? बाई, लोकं मले काय इचारतीन?"

"माल खराब नाही. आज नाही. इंदूरला पाठवा, तिथं लवकर पोचेल, लवकर खपेल, बुरशी उठायच्या आत लोक खाऊन मोकळे होतील. भाव कमी येईल. पण वॅगनमध्ये हा गेला तर याच्यासोबत बाकी चौघांचंही नाव जाईल."

बाईंनी आणखी एकही कारण दिलं नाही. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी बोलून धीर द्यावा. या घरानेच त्यांना मान दिला होता, गाव हसत असताना नानाच त्यांच्या बाजूने उभे होते, आणि आता त्याच माणसाला त्या थांबवत होत्या. त्यांचा चहा समोर गार होत होता.

बोलल्या त्या अक्का. "वायेल पानं लटकेलच राहिली या वरसी. म्या म्हनत व्हते, काढून टाका. मजूर भेटला नाही, मंग राहूनच गेलं."

बाई झटकन वळल्या. "वाळलेली पानं झाडावरच होती? कुठपर्यंत?"

"घडाले लागत व्हती."

"तिथूनच आली ही. पावसात पानांवरून फळावर." बाईंच्या आवाजात पहिल्यांदा उत्साह होता. त्या अक्कांशी असं बोलू लागल्या, की जणू नाना तिथं नव्हतेच. कोणती ओळ, कधी, किती पानं. अक्का सांगत गेल्या. नाना ऐकत राहिले. शेवटी ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "उद्या बैठकीत तुमी सांगू नका, बाई. म्या सांगतो."

आणि त्यांनीच सांगितलं. उभं राहून, डबा सगळ्यांसमोर फिरवून. "माहा माल इंदूरले जाईन. बाकीच्यांचा दिल्लीले." त्यावर कुणाला थट्टा सुचली नाही.

एक गोष्ट नानांनी कुणाला न विचारता केली. आपल्या बागेतला एक सुंदर घड त्यांनी ओसरीच्या आढ्याला टांगला. दिल्लीच्या प्रवासात माल जेवढा काळ असतो तेवढा ते त्याच्याकडे बघणार होते. घड पिकू लागला. सोन्यासारखा पिवळा झाला. येणारेजाणारे म्हणू लागले, "नाना, उगंच इंदूरले धाडला. हे पहा!" नाना नुसते हुं म्हणत. मला त्या दिवसांत झोप नीट लागत नव्हती. डाग पडावेत अशी इच्छा करणं बरोबर आहे का, हे मला ठरवता येईना.

मग एका सकाळी अक्कांनी निरोप पाठवला. मी गेले. पिवळ्या सालीवर काळे ठिपके उठले होते. संध्याकाळपर्यंत ते एकमेकांत मिसळले, आणि दुसऱ्या दिवशी देठापासून फणी ओसरीवर पडली. नानांनी ती उचलू दिली नाही. आलेल्या प्रत्येकाला ते दाखवत, "हे पहा. हे दिल्लीले जानार व्हतं." त्यांचा चेहरा असा, की कुणाला वाटावं बक्षीस मिळालंय. त्याच सुमारास आडत्याचा फोन आला. बाकी चौघांचा माल स्वच्छ पिकला होता. पुढची वॅगन कधी पाठवता, एवढंच त्याने विचारलं.

बाईंना कळवलं तेव्हा त्या आनंदल्या असणारच. पण पत्रात मात्र त्यांनी लिहिलं होतं : अक्कांना सांगा, पानं आत्ताच काढून घ्या.

आज आमच्या सोसायटीत नमुने घेण्याचं काम सहा-सात बाया करतात. पाठ करून उभं राहणं त्यांना आता हसण्यासारखं वाटत नाही. आमची सोसायटी टिकली ती बाईंमुळे, हे मी बैठकीत अनेकदा बोलले आहे. बाईंना समोर बसवून बोलायचं मात्र जमलं नाही, कारण त्या सत्काराला येत नसत. "त्या दिवशी कॉलेजात परीक्षा आहे," असं कळवत. मेच्या सुट्टीतही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते धुळ्यात, पांझरेच्या पुलावर. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. त्या निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे, पिशवी मात्र कापडाचीच. मी कामाने गेले होते. पुलाच्या कडेला उभ्या राहून आम्ही बोललो. मी घाईघाईने सगळं सांगितलं : नाना थकले पण बागेत जातात, हनीफभाईंच्या मुलाने आईस्क्रीमचं दुकान काढलं. आणि सांगितलं, की गेल्या आठवड्यात एका नव्या सभासदाचा माल थांबवावा लागला, तेव्हा बैठकीआधी मी स्वतः त्याच्या घरी गेले.

"काय म्हणाला?"

"आधी चिडला. मग म्हणाला, बरं."

"आणि त्याची बायको?"

"ती आत होती. चहा पाठवला तिने."

बाई म्हणाल्या, "मग तुम्ही निम्म्या घरालाच सांगितलंत, सेक्रेटरी." सुरात रागावणं नव्हतं. वेळ विचारल्यावर सांगावी, तसं म्हणाल्या.

मग त्या देवपूरच्या दिशेने निघाल्या. पुलाच्या टोकाला पपईची हातगाडी होती. बाई थांबल्या, एक पपई उलटी करून देठाची बाजू बघू लागल्या. गाडीवाला वैतागून म्हणाला, "बाई, लेनी हुई ते ल्या, नहीते ठेवा खाले!" बाईंनी ती ठेवली, दुसरी उचलली. सायकली आणि रिक्षा मध्ये येत गेल्या, आणि मग त्या दिसेनाशा झाल्या.

मी परतीची बस धरली. पहूरला उतरले तेव्हा ऑफिस उघडं होतं, माणसं थांबलेली दिसत होती. मी तिकडे वळले नाही. त्या नव्या सभासदाच्या घरी गेले, ओसरीवर बसले, आणि म्हटलं, "घरातल्यांना बाहेर बोलवा. मला त्यांच्याशी बोलायचं आहे."